कळसावरचे सोन्याचे पाणी

देवालयाचा जीर्णोद्धार म्हटला की ग्रामस्थांच्या डोळ्यांसमोर प्रथम उभा राहतो तो कळस. पाया मातीत जातो, भिंतीतले चिरे गिलाव्याखाली झाकले जातात. पण शेताच्या बांधावरून, वेशीवरून, एस.टी.च्या खिडकीतून दिसतो तो कळसच. म्हणूनच वर्गणीची यादी सुरू झाली की कळसासाठी नाव देणारे दाते उत्साहाने पुढे येतात. गिरगाव, दादर, परळ, लालबाग ह्या भागांत पोटापाण्यासाठी गेलेली गावोगावची मंडळी पुष्कळदा हा कळस मुंबईहूनच करवून आणतात. तो तांब्याचा किंवा पितळेचा असतो आणि त्यावर सोन्याचा मुलामा दिलेला असतो. हा मुलामा म्हणजे नेमके काय, तो देण्याची विद्या मुंबईत कशी रुजली आणि त्यापायी कोणी काय सोसले, ह्याचा इतिहास ग्रामस्थांना व देणगीदारांना ठाऊक असणे अगत्याचे आहे. कारण कळसाला दिलेला पैसा हा श्रद्धेचा पैसा असतो, आणि त्याचा हिशेब चकाकीवरून करता येत नाही.

शब्दाची बदनामी

मराठी भाषेने मुलाम्यावर थोडा अन्यायच केला आहे. वरवरच्या देखाव्याला आपण ‘मुलामा’ म्हणतो. दिखाऊ वस्तूला ‘बेगडी’ म्हणतो, आणि तो शब्दही मखरावर चिकटवायच्या चकचकीत बेगडावरूनच आला. परंतु ह्याच समाजात घरोघरी आणखी एक मुलामा होता आणि त्याला कोणी कधी नावे ठेवली नाहीत. तो म्हणजे कल्हई. दारात कल्हईवाला आला की तांब्यापितळेची पातेली बाहेर निघत. भाता चाले, भांडे तापे, नवसागराचा पांढरा धूर उठे, आणि कथिलाचा तुकडा आत फिरवून कापसाच्या बोळ्याने पुसला की काळवंडलेले पातेले आतून रुप्यासारखे उजळे. ह्या कल्हईचा हेतू शोभेचा नव्हता. आमटी, ताक, चिंचेचे सार असे आंबट पदार्थ तांब्यापितळेत कळकतात व खाणाऱ्याला बाधतात. मध्ये कथिलाचा पातळ थर आला की ती भीती जाते. म्हणजे एका धातूच्या अंगावर दुसऱ्या धातूचे पांघरूण घालणे ही मुळात रक्षणाची युक्ती आहे. लबाडी होते ती पांघरुणाला अंग म्हणून विकले तर.

पाऱ्याचा मुलामा

विजेचा शोध लागण्यापूर्वी सोन्याचा टिकाऊ मुलामा देण्याची प्रमुख रीत पाऱ्याची होती. पाऱ्यात सोने विरघळते व लोण्यासारखा मऊ गोळा तयार होतो. स्वच्छ केलेल्या तांब्यावर तो गोळा सारवायचा आणि वस्तू निखाऱ्यांवर धरायची. पारा सुमारे ३५७ अंश सेल्सिअसला उकळून वाफ होऊन जातो व सोने तांब्याला घट्ट धरून मागे राहते. नंतर ते गुळगुळीत दगडाने घासले की झळाळी येते. जगभरची कित्येक देवालये, राजवाडे व मूर्ती ह्याच रीतीने सोनेरी झाल्या.

ह्या रीतीचा दोष असा की पाऱ्याची वाफ थेट कारागिराच्या छातीत जाई. हात थरथरणे, दात हलणे, स्मृती जाणे आणि शेवटी मृत्यू, हे ह्या धंद्याचे नित्याचे भोग होते. रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथील सेंट आयझॅक ह्या प्रचंड चर्चचे घुमट १८३८ ते १८४१ च्या दरम्यान पाऱ्याने सोनेरी करण्यात आले. त्या कामात साठ कारागीर पाऱ्याच्या वाफेने दगावल्याचे सांगितले जाते. देवाच्या घराला झळाळी यावी म्हणून माणसांनी जीव गमावावा, ही गोष्ट कोणत्याही धर्माच्या भाविकाला अस्वस्थ करणारी आहे. योगायोग असा की त्याच शहरात, त्याच काळात, पाऱ्याला रजा देणारी नवी विद्या जन्म घेत होती.

विजेची विद्या

१८०० साली इटलीतील व्होल्टा ह्या शास्त्रज्ञाने जस्त व चांदी ह्यांच्या चकत्या, मध्ये खारे पाणी मुरवलेले तुकडे घालून, एकावर एक रचल्या आणि त्यांतून विजेचा अखंड प्रवाह मिळवला. हीच पहिली बॅटरी. अवघ्या पाच वर्षांत, १८०५ साली, त्याचाच स्नेही ब्रुन्याटेल्ली ह्याने त्या विजेच्या साहाय्याने चांदीच्या पदकांवर सोने चढवून दाखवले. पुढे तीसएक वर्षे ही गोष्ट मागे पडली. १८३८ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या याकोबी ह्याने विजेने तांब्याचा जाड थर बसवून वस्तूची हुबेहूब प्रतिकृती काढण्याची रीत जाहीर केली, आणि त्याच सेंट आयझॅक चर्चमधील कित्येक शिल्पे पुढे ह्या रीतीने घडवली गेली. घुमट पाऱ्याने आणि शिल्पे विजेने, अशी दोन युगे एकाच वास्तूत शेजारी उभी आहेत.

धंद्याला खरी चालना मिळाली ती इंग्लंडात बर्मिंगहॅमला. तेथील जॉन राइट ह्या शल्यवैद्याला असे आढळले की सोने व चांदी ह्यांचे क्षार पोटॅशियम सायनाइडच्या द्रावणात विरघळवले तर थर घट्ट, सलग व जाड बसतो. एल्किंग्टन चुलतबंधूंनी ही युक्ती हाती घेऊन १८४० साली तिचे पेटंट मिळवले. पाऱ्याची वाफ हळूहळू कारखान्यांतून हटू लागली. तिच्या जागी सायनाइड आले, तेही काही कमी जहाल नव्हे. त्याचा विचार पुढे येईलच.

मुंबईत ही विद्या कशी रुजली

मुंबईच्या मुंबादेवी, पायधुनी, काळबादेवी, भुलेश्वर ह्या पट्ट्यात धातूचा व्यवहार जुनाच. पायधुनीजवळच्या तांबाकाट्याचे नावच तांबे तोलण्याच्या काट्यावरून पडले. काळबादेवीवर कंसारा चाळ आहे, गुलालवाडीत धातूच्या व्यापाऱ्यांच्या पेढ्या आहेत आणि पलीकडे जव्हेरी बाजार. तांबे तोलणारा, ते ठोकणारा, सोने गाळणारा आणि ते विकत घेणारा असे सर्व हाकेच्या अंतरावर असल्यावर मुलामा देणाराही तेथेच दुकान मांडणार, हे ओघाने आले. ‘गिलीट’ हा शब्द मराठीत रूढ झाला तो इंग्रजीतल्या सोनेरी मुलाम्याच्या नावावरूनच, आणि ‘सोन्याचे पाणी देणे’ हा त्याचा घरगुती पर्याय.

मुलाम्याला लागणारी वीज आरंभी काचेच्या बरण्यांतील घटांतून घेत. ते काम सावकाशीचे व खर्चाचे. १९०५ साली मुंबईत वाडीबंदर येथे बेस्ट कंपनीचे वीजघर सुरू झाले, ७ मे १९०७ रोजी रस्त्यावर विजेची ट्राम धावली आणि १९१५ पासून टाटांची खोपोलीची जलविद्युत गिरणगावाला मिळू लागली. वीज चाळीच्या तळमजल्यापर्यंत पोहोचली आणि एका खोलीत दोनतीन हौद मांडून मुलाम्याचा धंदा करणे शक्य झाले. यंत्र, वीज व कापड ह्यांचे शिक्षण देणारी व्ही.जे.टी.आय. ही संस्था १८८७ साली भायखळ्याला निघाली व १९२३ मध्ये माटुंग्याला आली. मुलामा देणारे बहुतेक हात मात्र उस्तादाजवळ बसूनच शिकले. द्रावणाच्या रंगावरून, बुडबुड्यांवरून व वस्तूवर चढणाऱ्या छटेवरून काम ओळखण्याची त्यांची नजर वर्षानुवर्षांच्या सवयीने तयार झाली.

काम कसे चालते

शास्त्रीय मराठीत ह्या क्रियेला विद्युत् विलेपन म्हणतात. तिचे तत्त्व सोपे आहे. धातूचा क्षार पाण्यात विरघळला की धातूचे विद्युतभारित कण पाण्यात मोकळे फिरतात. ज्या वस्तूवर थर हवा ती तांब्याच्या तारेने बॅटरीच्या ऋण टोकाला जोडून द्रावणात टांगायची आणि धन टोकाला धातूची पट्टी लावायची. प्रवाह सुरू झाला की ते कण वस्तूकडे ओढले जातात, तिच्या पृष्ठभागी पोहोचून पुन्हा धातू बनतात आणि तेथेच बसतात. मोरचुदाच्या निळ्या पाण्यात तांब्याची पट्टी व एक स्वच्छ किल्ली टांगून शाळेतील मुलेही शिक्षकांच्या देखरेखीखाली हा प्रयोग करू शकतात.

किती वीज दिली म्हणजे किती धातू बसेल, ह्याचा नियम फॅरडे ह्या शास्त्रज्ञाने १८३३-३४ च्या सुमारास सांगितला. एक अँपिअरचा प्रवाह एक तास चालला तर सायनाइडच्या द्रावणातून जास्तीत जास्त सुमारे ७.३५ ग्रॅम सोने किंवा ४ ग्रॅम चांदी बसते. म्हणजे मुलाम्यात वीज थोडी लागते. महाग असते ते सोने, आणि त्याहून मोलाची असते ती पूर्वतयारी.

ही तयारीच जाणकार कारागिराची परीक्षा होय. प्रथम कळस बफाच्या चाकावर घासून गुळगुळीत करतात, कारण मुलामा खड्डे बुजवत नाही. उलट खालचा प्रत्येक ओरखडा वर दाखवतो. मग कढत कॉस्टिक सोड्याने तेलकटपणा काढतात, सौम्य आम्लात बुडवून गंज घालवतात आणि दर पायरीनंतर स्वच्छ पाण्याने धुतात. वस्तू निर्मळ झाली की नाही ते पाहण्याची खूण अशी की, पाण्यातून काढल्यावर पाण्याचा पडदा तिच्या सर्वांगावर सलग राहिला पाहिजे. कोठे तो फाटला, तर तेथे बोटाची चिकटी उरली आहे असे समजावे. तेथे मुलामा धरणार नाही आणि पुढे पापुद्रा सुटेल.

त्यानंतर लगेच सोने चढवीत नाहीत. पितळेवर आधी तांब्याचा पातळ थर देतात, त्यावर निकेलचा आणि शेवटी सोन्याचा. मध्ये निकेल कशासाठी, असे कोणी विचारील. तांब्याचे कण कालांतराने सोन्याच्या पातळ थरातून वर झिरपतात व हवेने काळवंडतात. मग दोनचार वर्षांतच कळस तांबूस, मळकट दिसू लागतो. निकेल हा ह्या झिरपण्याला अडसर घालतो. म्हणून ज्या कळसाच्या अंदाजपत्रकात निकेलचा उल्लेख नाही, त्याबद्दल विचारणा अवश्य करावी. शेवटी वस्तू गरम पाण्यात धुऊन, डाग पडू नयेत म्हणून लाकडाच्या कोरड्या भुशात वाळवण्याचीही जुनी रीत आहे.

गिरणीपासून करंडकापर्यंत

देवळाच्या कळसापुरतीच ही विद्या राहिली असती तर तिचा धंदा वाढला नसता. लालबाग-परळच्या गिरण्यांतही तिचे काम होते. छापील कापडासाठी नक्षी कोरलेले तांब्याचे रूळ लागत आणि ते लवकर झिजू नयेत म्हणून त्यांवर क्रोमियमचा कठीण मुलामा देत. क्रोमियमचा मुलामा व्यवहारात आला तो १९२५ च्या सुमारास. सायकलीचे हँडल, नळाच्या तोट्या, मोटारीचे बंपर आणि दवाखान्यातील हत्यारे त्याने चमकू लागली. बँडवाल्यांची वाद्ये निकेलने उजळली. कबड्डीच्या मैदानावर जिंकलेली ढाल आणि भजनी मंडळाला मिळालेला करंडक ह्यांवरील चांदीही बहुधा विजेनेच चढवलेली असते.

ध्वनिमुद्रिकांचे उदाहरण तर विशेष आहे. १९३० नंतरच्या दशकात मुंबईत नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड कंपनी निघाली. ‘यंग इंडिया’ ह्या नावाने तिच्या तबकड्या निघत व तिचा कारखाना वडाळ्याला होता. त्या काळी गायकाचा आवाज मेणाच्या तबकडीवर कोरला जाई. मेणावर वीज वाहणारा अगदी पातळ थर देऊन त्यावर विजेने धातू चढवीत, तो सोलून उलटा साचा काढीत आणि त्या साच्याने हजारो तबकड्या छापल्या जात. देवळाच्या उत्सवात कर्ण्यावरून वाजलेली भक्तिगीते विद्युत् विलेपनाच्या हौदातून जाऊनच गावापर्यंत आलेली होती.

दागिन्यांच्या बाबतीत भुलेश्वर व दादर येथील बाजार प्रसिद्ध आहेत. ‘एक ग्रॅम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या दागिन्यांत नावाप्रमाणे एक ग्रॅम सोने असेलच असे नाही. शंभर चौरस सेंटिमीटर पृष्ठभागाच्या हारावर एक मायक्रॉनच्या पाचव्या हिश्श्याइतका थर दिला, तर त्यात सोने भरते सुमारे ४० मिलिग्रॅम. गरिबाच्या मुलीच्या लग्नात ह्या दागिन्यांनी अब्रू राखली, हे त्यांचे उपकार मोठे आहेत. मात्र ते गहाण ठेवता येत नाहीत, हे घेणाऱ्याला माहीत असावे.

देणगीदारांसाठी हिशेब

प्रभादेवीच्या श्रीसिद्धिविनायकाचे मूळ लहानसे देऊळ १९ नोव्हेंबर १८०१ रोजी प्रतिष्ठित झाले. लक्ष्मण विठू ह्यांनी ते बांधले व त्याला द्रव्य देउबाई पाटील ह्यांनी दिले. १९९० नंतरच्या काही वर्षांत तेथे आजचे बहुमजली मंदिर उभे राहिले. त्यावरील मुख्य कळस सुमारे १२ फूट उंच असून त्याचे वजन १५०० किलोच्या घरात सांगितले जाते. त्यावर सोन्याचा मुलामा आहे. इतके वजन ऐकून कोणाच्या मनात भलतीच कल्पना येऊ नये. वजन कळसाच्या धातूचे, सोने केवळ अंगावरचे.

हे अंगावरचे सोने मोजण्याचा हिशेब कोणालाही करता येईल असा आहे. मुलाम्याची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. एक चौरस मीटर पृष्ठभागावर एक मायक्रॉन जाडीचा शुद्ध सोन्याचा थर द्यायला १९.३ ग्रॅम, म्हणजे दीड तोळ्याहून थोडे अधिक सोने लागते. अर्ध्या मायक्रॉनला साडेनऊ ग्रॅमच्या आसपास, पाच मायक्रॉनला ९६.५ ग्रॅम, म्हणजे सव्वाआठ तोळे. तिन्ही कळस पहिल्या दिवशी सारखेच झळकतील. फरक कळेल तो पाचसहा पावसाळ्यांनंतर. पातळ थरात सूक्ष्म छिद्रे राहतात. कोकणातील खारी हवा त्यांतून खालच्या धातूला गाठते व हिरवट डाग फुटू लागतात.

म्हणून कळस करवून घेताना समितीने तीन गोष्टी कागदावर घ्याव्यात : पृष्ठभाग किती, सोन्याची जाडी किती मायक्रॉन आणि खालचे थर कोणते. जाडी क्ष-किरणांच्या यंत्राने, वस्तूला ओरखडाही न पाडता मोजता येते. आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. आजकाल पोलादावर निर्वात यंत्रात टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी थर देतात. तो कठीण व टिकाऊ असतो, पण त्यात सोने नसते. ज्या देवस्थानाला तो परवडतो त्याने तो खुशाल घ्यावा. फक्त फलकावर ‘सुवर्णकळस’ असे कोरू नये. तसेच प्रभावळीवर किंवा दरवाजावर चांदीचा पत्रा ठोकून मढवणे हे काम मुलाम्याहून अगदी वेगळे. त्यात चांदी किलोच्या हिशेबाने लागते.

मुलाम्याची समई, ताम्हण किंवा प्रभावळ चिंच, राख अगर पितळ घासण्याच्या पुडीने कधीही घासू नये. उत्साही हातांनी दोनचार सणांत मुलामा उतरल्याची उदाहरणे गावोगाव आहेत. मऊ ओल्या फडक्याने पुसावे व कोरडे करावे, एवढे पुरे.

हौदाजवळचा माणूस

ह्या झळाळीमागे जो माणूस उभा असतो त्याचे नाव कोणत्याही फलकावर नसते. पारा गेला, पण सायनाइडच्या हौदात चुकून आम्ल पडले तर जो वायू निघतो तो काही श्वासांत प्राण घेतो. क्रोमियमच्या जुन्या पद्धतीच्या हौदावरील धुके वर्षानुवर्षे नाकात गेल्याने नाकाचा पडदा फाटतो आणि हातांवर न भरणाऱ्या जखमा होतात. अरुंद खोली, ओली जमीन, हवा खेळायला एखादी खिडकी, अशा ठिकाणी हे काम चालले, आणि हौदाचे उरलेले पाणी गटारात गेले. १९७० साली महाराष्ट्रात प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले व १९७४ मध्ये जलप्रदूषणाचा कायदा आला. सांडपाण्यातील विष मारूनच ते सोडण्याचे बंधन पडले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरणगाव थंडावत गेले आणि गिरण्यांवर जगणाऱ्या छोट्या कारखान्यांचेही दिवस पालटले. आता कमी विषारी क्रोमियमची द्रावणे आणि सायनाइडविरहित सोन्याची द्रावणे निघाली आहेत. ती थोडी महाग पडतात. देवाच्या कामासाठी दर विचारताना कारखान्यात हवा काढणारा पंखा आहे का, कामगाराच्या हातांत मोजे आहेत का आणि हौदाचे पाणी कोठे जाते, हेही विचारले तर त्यात औचित्यच आहे. सर्वांत स्वस्त दर पुष्कळदा कोणाच्या तरी फुफ्फुसातून वसूल झालेला असतो.

कळस पाहून यात्रेकरू दुरूनच हात जोडतो. त्या झळाळीत दात्याचे द्रव्य आहे, ग्रामस्थांचे श्रम आहेत आणि मुंबईतल्या कोणा अनोळखी कारागिराचे कसब आहे. मुलामा केसाहून कितीतरी पातळ असतो. तो टिकतो तो खालचा धातू निर्मळ असेल तर, आणि त्याचा हिशेब चोख असेल तर. देवस्थानच्या कारभारालाही हाच न्याय लागू आहे. सर्व दात्यांचे, ग्रामस्थांचे व त्या अनामिक हातांचे श्री कल्याण करो.